अबोल गिनीपिग आणि गप्प झालेला गिनीपिग

भाजीची पिशवी नुसती खसफसली की एक गिनीपिग दांड्यांवर पुढचे पाय टेकून ‘वीऽक, वीऽक’ करत घर डोक्यावर घेतो. त्याच पिंजऱ्यातला दुसरा मान वर करून नुसता बघत राहतो. दोघेही ठणठणीत असतात. पंचाईत ही, की दुसरा ज्या दिवशी आजारी पडतो त्या दिवशीही तो असाच शांत दिसतो. पहिला आजारी पडला तर शेजारच्या खोलीतूनही कळतं, कारण रोजची आरडाओरड बंद होते. दुसऱ्याच्या बाबतीत बंद व्हायला काही नसतंच. म्हणून स्वभावानं अबोल कोण आणि काहीतरी बिनसल्यामुळे गप्प झालेला कोण, हे आवाज सोडून बाकीच्या खुणांवरून ओळखता यायला हवं.

आधी आवाजाबद्दल थोडं. ती लांब, चढत जाणारी शीळ मुख्यतः माणसासाठी असते. आईपासून दूर पडलेलं पिल्लू तशी शीळ घालतं, आणि पाळलेले मोठे गिनीपिग तीच खाणं आणणाऱ्या माणसापुढे वापरतात. म्हणजे यात सवयीचा भाग मोठा. ओरडलं की काकडी मिळते हे एकदा कळलं की ओरडणं वाढतं. गवत कायम भरलेलं असेल आणि भाजी ठरल्या वेळी मुकाट्यानं ठेवली जात असेल, तर ओरडायचं कारणच उरत नाही. जोडीत बरेचदा एकच ओरडतो आणि खाणं दोघांना मिळतं. एकटा ठेवलेला आपसातली पुटपुट करणार तरी कोणाशी? (स्वित्झर्लंडमध्ये तर २००८पासून गिनीपिगला सोबतीशिवाय ठेवायला कायद्यानंच बंदी आहे.) विकणारा ‘ही जात फार बडबडी’ म्हणाला तर त्यावर जाऊ नये, एकाच वेतातली दोन भावंडंही याबाबत दोन टोकांची निघतात. मूळच्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी या प्राण्याला ‘कुई’ म्हटलं ते त्याच्या आवाजावरूनच असं मानतात, आणि आपल्याकडे ‘कुईकुई’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

अबोल गिनीपिग शीळ घालत नाही, पण तो मुका नसतो. पिंजऱ्यात फिरताना कान देऊन ऐकलं तर बारीक ‘चुट चुट’ चाललेली असते. पिशवी वाजली की ओरडत नाही, पण चावणं थांबतं, मान वर येते, मिशा हलतात आणि नाक आवाजाच्या दिशेला वळतं. काकडीची चकती पुढे केली की येऊन ओढून नेतो. बाहेर सोडल्यावर कडेकडेनं पळतो. थोडक्यात, आवाज नसला तरी त्याचं लक्ष सगळीकडे असतं.

गप्प झालेल्याचं लक्ष आत वळलेलं असतं. तो कोपऱ्याकडे तोंड करून पाठीला पोक काढून बसतो. केस फुललेले, त्यामुळे उलट गुबगुबीत दिसतो आणि माणूस फसतो. डोळे अर्धे मिटलेले. पिशवीच्या आवाजाला मिशीसुद्धा हलत नाही. सोबती अंगावरून ओलांडून गेला तरी सरकत नाही. दुखणं लपवणं हा शिकार होणाऱ्या प्राण्याचा धर्मच, त्यामुळे एवढं दिसू लागलं म्हणजे आधीचे एकदोन दिवस आपल्या नजरेतून निसटलेत असं समजावं.

शंका आली की तपासायचा क्रम असा. आधी लांबून पिशवी वाजवा. प्रतिसाद नसेल तर सिमला मिरचीचा तुकडा थेट नाकापुढे धरा. पिशवीला दाद नाही पण नाकापुढचं झटकन घेतलं, तर ऐकू कमी येत असेल. म्हातारपणी असं होतं. दोन्ही पालक रोन (रंगीत केसांत पांढरे केस मिसळलेले) किंवा डाल्मेशियन (पांढऱ्या अंगावर गडद ठिपके) रंगाचे असतील तर होणारी पांढरी, बारीक डोळ्यांची काही पिल्लं जन्मतःच बहिरी असतात. तुकडा हुंगून सोडला तर मात्र दुखणं धरून चाला. तुकडा घेतला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. आजारी गिनीपिग मऊ काकडी खातो आणि गवत सोडतो, असं हमखास होतं. खरी परीक्षा गवताचीच, कारण रोजच्या खाण्यात ७५-८० टक्के तेच हवं. संध्याकाळी मूठभर गवत मोजून वेगळ्या टोपलीत ठेवा आणि सकाळी किती उरलंय ते बघा. जोडी असेल तर मध्ये जाळी लावा, नाहीतर कोणी खाल्लं ते कळणारच नाही. लेंड्याही बघा. नेहमीच्या लांबट आणि गुळगुळीत असतात, दिवसाला शंभरावर पडतात. त्या बारीक, कोरड्या, थेंबासारख्या टोकदार झाल्या किंवा एकदम कमी झाल्या म्हणजे पोटाची चाल मंदावली.

शेवटी वजन, आणि भरवसा सर्वांत जास्त त्याचाच. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि एक टोपली पुरे. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, भाजी द्यायच्या आधी मोजा. मोठ्याचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. खाण्यापिण्याच्या हिशोबानं २०-३० ग्रॅम इकडेतिकडे होतातच. ५० ग्रॅम उतरलं तर रोज मोजायला लागा. घट १०० ग्रॅमला पोचली तर दवाखाना, मग तो कितीही ओरडत असो. सलग १२ तास काहीच खाल्लं नसेल तर वजनाचीही वाट बघू नये. त्याचं आतडं रिकामं राहिलं की थांबतं, आणि थांबलेलं आतडं पुन्हा चालू करणं अवघड असतं.

गप्प होण्याला दरवेळी रोगच कारण असतो असं नाही. नवा आणलेला गिनीपिग काही दिवस ते दोन आठवडे चिडीचूप असतो आणि रात्री खातो. वजन टिकून असेल तर त्याला एकटं सोडावं. दिवाळीत फटाक्यांनी सगळा पिंजरा थिजतो, पण काही तासांत खाणं सुरू व्हायला हवं. जोडीदार मेल्यावरचं गप्प राहणं जास्त लांबतं, तेव्हा गवताकडे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

उन्हाळा मात्र आपल्याकडे वेगळं प्रकरण आहे. या प्राण्याला १८ ते २४ अंश मानवतं, २८च्या वर त्रास सुरू होतो, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. ‘दुपारी झोपतोय’ असं वाटणारा गिनीपिग आडवा पसरून भराभर श्वास घेत असेल, तोंडातून लाळ येत असेल, तर तो ऊन लागलेला आहे. लगेच थंड खोलीत न्या आणि कान आणि पाय साध्या पाण्यानं ओले करा. बर्फाचं पाणी नको. मग थेट डॉक्टर. रोजच्यासाठी गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवता येते.

क जीवनसत्त्वाची कमतरता हळूहळू गप्प करते. माणसासारखंच गिनीपिगचं शरीर ते तयार करत नाही. किलोभर वजनाच्या जनावराला रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. हिरव्या सिमला मिरचीच्या २५ ग्रॅमच्या फोडीत साधारण २० मिलिग्रॅम मिळतं. पाण्यात थेंब टाकण्याचा उपयोग नाही, ते पाण्यात लवकर निकामी होतं. कमतरता असलेला सांधे दुखत असल्यामुळे हलत नाही आणि उचलला की किंचाळतो. एरवी अबोल असलेला लघवी करताना किंचाळला तर मूतखडा असू शकतो, मग लसूणघास पहिली बंद. स्वस्त आणि सहज मिळते म्हणून ती रोज घातली जाते, पण त्यातलं कॅल्शियम मोठ्या गिनीपिगला जास्त होतं. तिच्याऐवजी फवारणी नसलेल्या जागेची हरळी चालते.

आवाज असूनही फसगत होते ती अशी. पाठ थोपटताना येणारी खोल, एकसारखी घुरघुर आणि अंग सैल, म्हणजे समाधान. मिक्सर लागला किंवा फोन थरथरला की येणारा अर्ध्या सेकंदाचा ‘ड्रर्र’, त्यापाठोपाठ ताठलेलं अंग, ही भीती. पुष्कळ जण दुसऱ्याला पहिलं समजून थोपटतच राहतात. दुसरी चूक अधिक महागात पडते. ‘आता जरा बोलायला लागलाय’ म्हणून ज्याचं कौतुक होतं तो आवाज कधीकधी श्वासाचा असतो. बरगड्यांवर नजर ठेवा: प्रत्येक श्वासाबरोबर टिकटिक किंवा घरघर ठरल्या तालात येत असेल तर ते बोलणं नव्हे. १५ सेकंदांचे श्वास मोजून चारनं गुणा. शांत बसलेल्याचे मिनिटाला ४० ते १०० असतात. नाकाला ओल, डोळ्यांशी चिकटा दिसला तर फुप्फुसाचा संसर्ग धरा. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप अजिबात देऊ नका. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडानं दिली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि गिनीपिग औषधानंच दगावतो. दवाखान्यात फोन करताना ससे-गिनीपिग बघता का, हे आधी विचारा.

आणि बडबड्याच्या आवाजावर विसंबू नका. दाढा वाढून जिभेवर आलेला गिनीपिग भुकेनं व्याकूळ असतो, म्हणून नेहमीसारखाच धावत येतो, नेहमीपेक्षा जोरातही ओरडतो. तुकडा उचलतो, दोनदा तोंड हलवतो आणि खाली टाकतो. हनुवटी ओली राहते. पिशवी वाजली की पहिला हजर, आणि काट्यावर मात्र दर आठवड्याला ४० ग्रॅम कमी.