दुःख आधीच सुरू झालेलं असतं

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांवर काय परिणाम होतो, हे मोजायचं कसं? अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक साधा प्रयोग केला. डिमेन्शिया झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या. त्याच वयोगटातल्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३ जणी निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात, ते पाहिलं. दुसऱ्या गटातल्या स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. काळजी घेणाऱ्या स्त्रियांना जवळजवळ ४९ दिवस लागले. जखम भरून येण्याच्या कामाला चालना देणारं इंटरल्यूकिन-१ बीटा हे द्रव्य त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी बनवत होत्या. हा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'फार मनाला लावून घेऊ नका' असा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा असं मला वाटतं. हा ताण मनापुरता राहत नाही, तो शरीरात उतरतो.

१९९९ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांचा चार वर्षं मागोवा घेतला. काळजी घेताना ज्यांची ओढाताण होत होती, त्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. पण काळजी घेत असूनही ज्यांच्यावर तसा ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. माझ्या मते खरी महत्त्वाची गोष्ट ही आहे. आजारपण काढण्यानेच माणूस खचतो असं नाही, तो ते एकट्याने आणि उसंत न मिळता काढल्याने खचतो. आणि ही गोष्ट बदलता येते.

डिमेन्शियाचं दुखणं इतर आजारांपेक्षा वेगळं का, याचं उत्तर अमेरिकन संशोधक पॉलीन बॉस यांच्या कामात मिळतं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. अशा अधांतरी दुःखाला त्यांनी 'संदिग्ध वियोग' म्हटलं. डिमेन्शियात हेच उलट बाजूने घडतं. माणूस समोर बसलेला असतो, पण ज्याच्याशी आयुष्यभर बोललो तो हळूहळू निघून जात असतो. आईने पहिल्यांदा 'तुम्ही कोण?' असं विचारलं, त्या दिवशी मुलीचं काहीतरी कायमचं जातं. पण त्या दिवशी कोणी भेटायला येत नाही, कोणी रजा देत नाही. रोज थोडं थोडं साचत जाणारं हे दुःख असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आंघोळ घालायची असते.

संध्याकाळची वेळ घ्या. दिवस कलला की अनेक रुग्णांची बेचैनी वाढते. 'मला घरी जायचंय,' असं ते स्वतःच्या घरात बसून म्हणतात. मुलगा समजावतो, 'बाबा, हेच आपलं घर.' पाच मिनिटांनी पुन्हा तेच, मग आवाज चढतो, मग दोघंही रडकुंडीला येतात. नव्या आठवणी साठवण्यात हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा मोठा वाटा असतो आणि अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात त्याला लवकर इजा होते. त्यामुळे समजावलेलं टिकत नाही. पण भावना टिकते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवलं. अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या, तर थोड्याच वेळात चित्रफीत विसरली जायची, पण तिने जागी केलेली भावना मात्र मागे रेंगाळायची. म्हणजे वादातलं एक वाक्यही बाबांच्या लक्षात राहणार नाही, वादाने आलेली भीती मात्र राहील. 'हो, जाऊ या. आधी मला सांगा, घरी कोण कोण असतं?' असं विचारलं, तर पुष्कळदा ती वेळ निभावते. हे आतून कोणाला सुचत नाही, शिकवावं लागतं.

आणि ते शिकवता येतं. लंडनमध्ये जिल लिव्हिंगस्टन यांच्या गटाने ८ भेटींचा एक कार्यक्रम तयार केला. त्यात असं वागणं कसं हाताळायचं, स्वतःसाठी वेळ कसा काढायचा, मदत कशी मागायची, पुढच्या निर्णयांचा विचार कधी करायचा, हे सगळं होतं. तो चालवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले मानसशास्त्राचे पदवीधर होते. काळजी घेणाऱ्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं आणि हा फायदा पुढची काही वर्षं टिकला.

न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन यांनी संपूर्ण कुटुंबाला हाताशी धरलं. त्यांच्या सुरुवातीच्या ६ समुपदेशन भेटींपैकी ४ कुटुंबासोबत होत्या, नंतर आधारगट आणि लागेल तेव्हा फोन. ज्यांना हा आधार मिळाला, त्यांच्या जोडीदाराला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्ष पुढे गेली. कुटुंबासोबतच्या त्या ४ भेटी मला सर्वांत मोलाच्या वाटतात. बहुतेक घरांत भार एकाच माणसावर पडतो, आणि बहुतेक वेळा ती बाईच असते. लांब राहणारी भावंडं फोनवर सल्ले देतात, महिन्यातून एकदा येऊन 'अगं, त्या तर बऱ्या दिसतात की!' म्हणतात. तिऱ्हाईत माणसासमोर सगळ्यांना बसवून रात्री कोण उठणार, पैसे कोण देणार, आठवड्यातली एक दुपार कोण सांभाळणार, हे ठरवून घेणं ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे.

मग एक दिवस ते आजारपण संपतं. 'सुटल्या बिचाऱ्या,' असं लोक म्हणतात. काळजी घेणाऱ्याच्याही मनात येतं, 'मीही सुटले.' आणि लगेच त्याची लाज वाटते. शुल्झ यांनी २००३ मध्ये अशा २१७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूनंतर आपल्याला सुटका वाटली, असं ७२ टक्के लोकांनी सांगितलं. रुग्णाचीही सुटका झाली, असं ९० टक्क्यांहून जास्त जणांना वाटत होतं. ही माणसं वर्षानुवर्षं उशापायथ्याशी बसलेली होती, त्यांच्या मायेबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. सुटका आणि दुःख एकाच मनात एकाच वेळी असू शकतात. वर्षभरात यांतल्या बहुतेकांचं नैराश्य काळजी घेत असतानाच्या दिवसांपेक्षाही कमी झालं.

पण सगळ्यांचं नाही. सुमारे २० टक्के लोकांचं दुःख ओसरलंच नाही. आणि आजारपणातच जे जास्त खचलेले, नैराश्याने ग्रासलेले होते, त्यांनाच हा धोका जास्त होता. म्हणून मृत्यूनंतरच्या आधाराची सुरुवात मृत्यूच्या कितीतरी आधी करावी लागते. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमातल्या लोकांमध्ये जोडीदार जाण्याआधीही आणि गेल्यानंतरही नैराश्य कमी दिसलं, ते याचमुळे.

माणूस गेल्यावर पहिले काही महिने शरीर पहाऱ्यावरच असतं. रात्री दोनला जाग येते, खट्ट झालं की उठून दाराची कडी पाहायला पाय निघतात. दिवसाला आकार देणारं काम संपलेलं असतं, मैत्रिणी तुटलेल्या असतात, नोकरी कधीच सुटलेली असते. स्वतःचा रक्तदाब कोणी वर्षानुवर्षं तपासलेला नसतो. मुलांना तर चावी कुठे ठेवली हे विसरलं तरी धस्स होतं, मलाही हेच होणार का? आई-वडिलांना डिमेन्शिया असला तर धोका थोडा वाढतो, पण तो होणारच असं बहुतेक प्रकारांत नसतं. रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं अशा गोष्टींवर वेळीच उपाय केले तर धोका कमी करता येतो.

सहा महिने उलटून गेले, तरी तीव्र ओढ कमी होत नसेल, रोजचं जगणं अडलं असेल, तर काळ हेच औषध म्हणून बसून राहू नये. अशा न ओसरणाऱ्या दुःखासाठी खास उपचार आहेत. कॅथरीन शिअर यांनी विकसित केलेल्या १६ सत्रांच्या उपचाराने वयस्कर लोकांच्या २०१४ मधल्या चाचणीत सुमारे ७० टक्के जणांना लक्षणीय आराम पडला. नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या समुपदेशनाने ३२ टक्क्यांना पडला. जीव द्यावा असं वाटत असेल, तर सहा महिन्यांची वाटही पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

रुग्ण गेला की डॉक्टरांकडची फाइल बंद होते आणि तिच्यात काळजी घेणाऱ्याचं नावसुद्धा नसतं. निदानाच्या दिवशीच ते नाव तिथे लिहिलं जावं, दर भेटीत 'तुम्हाला झोप मिळते का?' हे विचारलं जावं आणि मृत्यूनंतर तीन महिन्यांनी त्या नावाने एक फोन जावा. यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवं औषधही लागत नाही.