घरी कॅमशाफ्ट बसवताय? कोणती हत्यारं घ्यायची, कोणती नाही

मोटरसायकलचे टॅपेट सेट करूनही, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट (गॅप) नीट करूनही आवाज जात नाही, हेड उघडलं तर कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, खड्डे पडलेले दिसतात. मग नवा कॅमशाफ्ट घ्यायला ग्राहक दुकानात येतात आणि जाता जाता विचारतात, "आणखी काय काय लागेल?" रोज काउंटरवर सांगतो तेच इथे लिहून ठेवलंय. हे वाचून तुमची खरेदी कमीच होईल. आमची हरकत नाही.

आधी गाडी कोणती ते पाहा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत कॅमशाफ्ट वर हेडमध्ये असतो आणि टायमिंग चेनवर फिरतो. जुन्या लोखंडी बोअरच्या बुलेटमध्ये चेन नसते. तिथे कॅम खाली टायमिंगच्या बाजूला, गिअरवर चालतात, गिअरवरच्या खुणा जुळवाव्या लागतात आणि वर पुशरॉड असतात. खालची माहिती चेनवाल्या गाड्यांची आहे. बुलेटवाल्यांनी दुकानात या, बसून बोलू.

विकत घ्यायचं ते

सगळ्यात आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. टॅपेटचा गॅप किती, कोणता बोल्ट किती आवळायचा, हे आकडे गाडीगणिक बदलतात. शेजाऱ्याच्या गाडीचा गॅप आपल्या गाडीला लावू नका.

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा संच घ्याच, पण पातळ पात्यांचा. छोट्या गाड्यांचे गॅप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात, त्यामुळे ०.०५ पासून सुरू होणारा हवा. ट्रॅक्टरसाठी घेतलेला जाड पात्यांचा संच इथे चालत नाही. पातं गॅपमधून ओढताना किंचित अडकल्यासारखं लागलं पाहिजे. सळकन निघालं तर गॅप जास्त, निघतच नसेल तर कमी.

इथे आपल्या भागातली एक अडचण आहे. मॅन्युअल सांगतं, इंजिन थंड असताना मोजा. काही कंपन्या तर ३५ अंशांच्या खाली असं स्पष्ट लिहितात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी सावलीतच ४३-४४ अंश असतात, मग इंजिन ३५ च्या खाली येणार कुठून? गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवा आणि उन्हं चढायच्या आत मोजून घ्या.

टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना, घेताना बहुतेक जण चुकतात. कारच्या चाकासाठी मिळतो तो अर्ध्या इंची चौकोनाचा मोठा पाना उचलतात. कॅम होल्डरचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना १० न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर लागतो. मोठ्या पान्याची सुरुवातच त्याच्या पुढे होते. शिवाय कोणताही क्लिकवाला पाना त्याच्या पट्टीच्या अगदी तळाशी भरवशाचा नसतो. ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा पाना घ्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं. अंदाजाने आवळलं आणि आटे गेले की हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवण्याचा खर्च पान्याच्या किमतीला भिडतो. याच पान्याने बोल्ट सोडवू मात्र नका. काम झालं की तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून डब्यात ठेवा.

चौथी वस्तू म्हणजे मॉलिब्डेनम ग्रीसची ट्यूब. नव्या कॅमच्या नाकांवर (उंचवट्यांवर) आणि रॉकरच्या, म्हणजे कॅमवर टेकून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीच्या, तोंडावर ती लावायचीच. इंजिन सुरू झाल्यावर तेल वर पोचायला थोडा वेळ लागतो आणि कोरडा कॅम तेवढ्यातच खरवडला जातो.

घेऊ नका

मॅग्नेटो पुलर, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं मॅग्नेटोचं चाक ओढून काढायचं हत्यार, लोक हमखास मागतात. नुसता कॅम बदलायचा असेल तर तो लागत नाही. मॅग्नेटो कव्हरवरचं झाकण काढून क्रँक पान्याने फिरवता येतो. चेनसुद्धा बदलायची असेल तरच पुलर घ्या, कारण अनेक गाड्यांत ती मॅग्नेटोच्या मागून निघते. मायक्रोमीटरही घेऊ नका. जुना कॅम घेऊन या, नाकाची उंची आम्ही मोजून देतो. सोबत रॉकरही आणा. त्यांच्या तोंडावर खड्डे असतील तर तेही बदला, नाहीतर नवा कॅम ते पुन्हा खाणार. आणि कॅम मुळात खाल्ला का गेला, तेही बघा. तेल कमी होतं की हेडमधलं तेलाचं भोक तुंबलं होतं? भोकात हवा मारून खात्री करा.

टेन्शनर आणि तांब्याची तार

कॅमला हात लावण्याआधी चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, काढा किंवा लॉक करा. काही मॉडेलना त्यासाठी छोटी चावी मिळते, काहींना बारीक स्क्रू ड्रायव्हर पुरतो. मॉडेल सांगा, आम्ही दाखवतो. स्प्रॉकेट (कॅमवरचं दातांचं चाक) सुटलं की चेन खाली इंजिनात घसरते, म्हणून ती आधी तांब्याच्या तारेने बांधा. उघड्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा. आत पडलेला एक बोल्ट शोधायला पूर्ण रविवार जातो.

किक मारण्याआधी

मॅग्नेटोवरची "टी" खूण केसवरच्या खुणेला आणि स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेला जुळली पाहिजे. खूण ओलांडली तर मागे फिरवू नका, त्याने चेन ढिली पडून खूण फसवी दिसते. पुढेच दोन फेरे फिरवून परत या. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. म्हणजे स्प्रॉकेटला ३० दात धरले तर एक दात चुकल्यावर कॅम १२ अंश आणि क्रँकच्या हिशेबाने २४ अंश सरकतो. चोपड्याचे एक ग्राहक गाडी टेम्पोत घालून आले आणि म्हणाले, "भाऊ, एक दात चुकना ना!" तेवढ्यावर निभावलं, व्हॉल्व्ह वाचले होते.

म्हणून टेन्शनर परत लावल्यावर प्लग काढून ठेवा आणि इंजिन पान्याने हळूहळू दोन फेरे पुढे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असण्याची शक्यता असते. सगळं काढून खुणा पुन्हा जुळवा. मोकळं फिरलं, खुणा परत जागेवर आल्या, की टॅपेटचा गॅप मोजा, प्लग लावा आणि मग किक मारा.

घेतलेल्या हत्याराची पावती जपून ठेवा. टॉर्क पाना न वापरता परत आणला तर बदलून मिळेल.