मैल्याचं पाणी गाळते ती माती, टाकी नव्हे

सेप्टिक टँकबद्दल एक समज फार पक्का आहे. मैला टाकीत जातो, तिथले जिवाणू तो खाऊन टाकतात आणि बाहेर पडतं ते जवळजवळ शुद्ध पाणी. याच भरवशावर टाकीतून निघालेलं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा विहिरीला खेटून खणला जातो आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

टाकीत खरं तर फारसं काही होत नाही. सांडपाणी तिथे एक-दोन दिवस थांबतं. जड पदार्थ तळाशी बसतात, तेलकट पदार्थांचा थर वर तरंगतो आणि मधलं पाणी पुढच्या नळीतून शोषखड्ड्यात जातं. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात, पण बाकीचा साठतच जातो. म्हणून दर काही वर्षांनी टाकी उपसावी लागते. बाहेर पडणाऱ्या त्या मधल्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू लाखांनी, कधी कोटींनीही असतात. उलट, पिण्याच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू एकही सापडता कामा नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. कोटीवरून शून्यावर येण्याचं हे काम टाकीबाहेरच्या मातीला करावं लागतं. ती ते कसं करते, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

शोषखड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना काही दिवसांत काळपट, बुळबुळीत थर धरतो. तो असतो जिवाणूंचा आणि त्यांनी सोडलेल्या चिकट पदार्थांचा. बघणाऱ्याला वाटतं, खड्डा तुंबायला लागला. थर फार जाड झाला तर तुंबतोही. पण बेताचा असेल तर खरा राखणदार तोच. तो पाण्याचा वेग मारतो. त्याच्या खालच्या मातीत पाणी थेंबाथेंबाने झिरपतं, मोठी छिद्रं हवेने भरलेली राहतात आणि पाणी मातीच्या कणांना चिकटून पातळ पापुद्र्यासारखं सरकतं. त्या पापुद्र्यात जिवाणूला कणापासून लांब राहायला जागाच नसते. तो कणावर चिकटतो आणि मातीतले अमीबासारखे एकपेशीय जीव त्याचा फडशा पाडतात.

विषाणूंची गोष्ट वेगळी. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, तर आतड्याचे आजार पसरवणारे बरेचसे विषाणू त्याच्या दहाव्या भागाहूनही लहान. मातीच्या छिद्रांतून ते आरामात निसटू शकतात. त्यांना धरून ठेवतो तो विद्युतभार. इथे एक कोडं आहे. मातीच्या बहुतेक कणांवर ऋण भार असतो आणि साधारण सामू (पीएच) असलेल्या पाण्यात बऱ्याच विषाणूंवरही ऋण भारच असतो. म्हणजे दोघांनी एकमेकांना दूर लोटायला हवं. पण सांडपाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे धन आयन, म्हणजे धन भार असलेले सूक्ष्म कण, मातीच्या कणाभोवती आणि विषाणूभोवती गर्दी करतात आणि त्या ऋण भारावर जणू पांघरूण घालतात. त्यामुळे दूर लोटणाऱ्या बलाचा पल्ला काही नॅनोमीटरपुरता आखडतो. तेवढं अंतर कापून विषाणू जवळ आला की रेणूंमधलं आकर्षण, ज्याला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात, त्याचा ताबा घेतं. विषाणू अडकतो.

आता जोरदार पाऊस पडला असं समजा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. मातीतलं पाणी पातळ होतं, आयनांचं पांघरूण विरळ होतं आणि दूर लोटणाऱ्या बलाचा पल्ला पुन्हा वाढतो. आठवड्यांपूर्वी अडकलेले विषाणू सुटतात, आणि थंड, ओल्या मातीत त्यातले बरेचसे तोवर जिवंत राहिलेले असतात. त्याच वेळी मातीची मोठी छिद्रं पाण्याने भरतात. पापुद्र्यातलं संथ सरकणं संपतं आणि पाणी मोठ्या वाटांनी थेट खाली धावतं. एकच पाऊस मातीच्या दोन्ही युक्त्या एकदम मोडून टाकतो.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये हेच दिसलं. तिथे घाण सेप्टिक टँकची नव्हती, शेतातल्या शेणखताची होती, पण वाट तीच. मोठा पाऊस, उथळ विहीर, आणि भेगाळ खडकावर मातीचा पातळ थर. त्यात क्लोरीन पुरेसं पडत नव्हतं आणि ते रोज न मोजताच नोंदवहीत आकडे लिहिले जात होते. 7 माणसं गेली, 2000हून अधिक आजारी पडली.

म्हणूनच नव्या शोषखड्ड्याला परवानगी देणाऱ्या आरोग्य निरीक्षकाने पाण्याच्या आधी माती वाचली पाहिजे. नेहमीची चाचणी म्हणजे खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरतं ते पाहणं. ‘पाणी झटकन जिरलं, जागा उत्तम’ असा लोकांचा हिशेब असतो. तो उलटा आहे. झटकन जिरणं म्हणजे जाडी वाळू किंवा भेगाळ खडक, आणि तिथे पाणी गाळलंच जात नाही. शिवाय ही चाचणी फक्त त्या दिवसाची हकिकत सांगते. जाणता निरीक्षक माणूसभर खोल चर खणतो आणि त्याची भिंत खरवडून पाहतो. वरची माती एकसारखी तांबूस किंवा तपकिरी असते, आणि मग एका खोलीपासून राखाडी पट्टे आणि त्यांत गंजासारखे नारिंगी ठिपके दिसू लागतात. जिथे माती वर्षातले काही आठवडे पाण्यात बुडते, तिथे प्राणवायू संपतो, लोहाचा तांबडा ऑक्साइड विरघळतो आणि माती राखाडी पडते. पाणी ओसरलं, हवा आली की तेच लोह ठिपक्यांच्या रूपाने पुन्हा गंजतं. चर त्या दिवशी ठणठणीत कोरडा असला तरी भूजल दरवर्षी कुठवर चढतं, ते या ठिपक्यांवरून कळतं. शोषखड्ड्याचा तळ त्या रेषेच्या बराच वर हवा.

मातीला एक गोष्ट मात्र अडवता येत नाही. मैल्यातला अमोनिया हवेशीर मातीत नायट्रेट बनतो. नायट्रेटवर ऋण भार असतो, त्यामुळे तो कणांना न चिकटता पाण्याबरोबर थेट विहिरीत पोहोचतो. म्हणजे माती जितकी हवेशीर, तितका नायट्रेट जास्त. पाणी उकळलं तर तो जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. अशा पाण्यात दूध कालवून दिलेल्या तान्ह्या बाळांचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि बाळ निळसर पडतं. आयोवातल्या हंटर कॉमली या डॉक्टरने 1945 मध्ये विहिरीच्या पाण्याशी याचा संबंध दाखवून दिला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 50 मिलिग्रॅम नायट्रेट ही आहे.

टाकीत टाकायच्या ‘जिवाणू पावडरी’ विकल्या जातात. मैल्यात जिवाणूंची कमतरता कधीच नसते. पावडरीने उपसा टळत नाही. तसंच, एखादा झरा पवित्र मानला जातो म्हणून त्याचं पाणी तपासायचं नाही, हेही चालणार नाही. त्याच्याही वरच्या अंगाला कुणाचा तरी शोषखड्डा असू शकतो.

नमुना घेण्याची रीत ठरलेली आहे. निर्जंतुक बाटली, क्लोरीनयुक्त पाणी असेल तर तिच्यात सोडियम थायोसल्फेट, म्हणजे उरलेलं क्लोरीन प्रवासात जिवाणू मारत बसणार नाही, आणि बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळा. हे सगळं सांभाळलं जातं, पण नमुना घ्यायचा दिवस निवडला जातो तो सोयीचा: कोरडा, रस्ता चांगला असलेला. वरची सगळी यंत्रणा ध्यानात घेतली तर नेमका तोच दिवस सर्वांत कमी सांगणारा. निदान एक नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत घेतलाच पाहिजे, आणि ‘पिण्यास योग्य’ या शिक्क्याशेजारी नमुन्याची तारीख आणि आदल्या आठवड्यातला पाऊस, दोन्ही छापले पाहिजेत.