नाशिक परिसरातील वांगी कुल : विविधता व संवर्धन

(सोलॅनेसी). वांगी, मिरची, टोमॅटो, धोतरा, रिंगणी इ. वनस्पतींचे द्विदलिकित (बियांत दोन दले असणारे) कुल. नाशिक जिल्ह्यातील त्याच्या रानटी जाती दाट जंगलापेक्षा बांध, गायरान, गावठाण व रस्त्यांच्या कडांवर अधिक सापडतात. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या पट्ट्यात जमिनीलगत पसरणारी काटेरिंगणी (सोलॅनम, पुढे सो., व्हर्जिनिॲनम; जुनी नावे सुरात्तेन्स, झँथोकार्पम) नेहमीची. डोरली, आस्कंद, चिरबोटी, कामोणी व धोतराही परिसरात आढळतात. [→ टोमॅटो, मिरची].

वांग्याचा पूर्वज आफ्रिकेतील सो. इन्कॅनम, असे पूर्वी मानत. रेणवीय (डीएनएच्या) पुराव्यांनंतर भारत व आग्नेय आशियात वाढणारे काटेरी रानवांगे, सो. इन्सॅनम, हाच निकटचा पूर्वज हे मत अधिक ग्राह्य दिसते. लागवड नेमकी कोठे सुरू झाली, हे मात्र वादग्रस्त आहे. जुन्या ग्रंथांत ‘इन्कॅनम’ म्हणून नोंदलेले भारतीय नमुने पुष्कळदा इन्सॅनमचेच असतात. जिल्ह्याची वनस्पतिसूची भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. अशा सूचींतील नावे आजच्या नावांशी पडताळूनच वापरावीत.

कामोणी ही एक जात नसून जातिसमूह आहे. सो. अमेरिकॅनममध्ये २४ गुणसूत्रे व चकचकीत काळी फळे, सो. व्हिलोसममध्ये ४८ गुणसूत्रे व नारिंगी ते लाल फळे, तर खऱ्या सो. नायग्रममध्ये ७२ गुणसूत्रे व मंद काळी फळे असतात. वाळलेल्या नमुन्यात फळाचा रंग टिकत नाही. तो संकलनाच्या वेळीच टिपावा. हिरव्या फळांत विषारी अल्कलॉइडे असतात.

धोतऱ्याच्या सर्व जातींचे मूळ अमेरिकेत मानले जाते. तरीही धत्तूर संस्कृत ग्रंथांत कोलंबसाच्या बराच आधी येतो. त्यामुळे धोतऱ्याची दतुरा मेटेल ही जात जुन्या जगात (आशिया, यूरोप व आफ्रिकेत) आधीच, बहुधा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंत, पोहोचली असावी, या मताला वजन आहे. मेटेलच्या फळावर आखूड गाठी, तर दतुरा इनॉक्सिया या दुसऱ्या जातीच्या फळावर मऊ लव व लांब काटे असतात.

काटेरिंगणी व डोरली (बृहती) यांची मुळे दशमुळांत (आयुर्वेदातील दहा औषधी मुळांच्या गटात) मोडतात, म्हणून झाडे मुळासकट उपटली जातात. फळे पिकण्याआधी झाड उपटल्यास बी पडत नाही आणि त्या जागी पुढील पिढी उरत नाही. तणनाशके व बांध मोडणे ही ऱ्हासाची इतर कारणे.

रानवांग्याचे बी किमान ३०–५० झाडांवरून, पूर्ण पिवळ्या फळांचेच घ्यावे. फळे कुस्करून पाण्यात धुवावीत. पोकळ बी तरंगते, भरीव तळाशी बसते. ते सावलीत वाळवून, आर्द्रता ५–७% वर आली की हवाबंद पाकिटात उणे १८ ते २०° से. तापमानाला ठेवावे. ओलसर बी गोठवल्यास गर्भ मरतो. सोलॅनमचे पराग परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून, भुंग्यांसारख्या कीटकांच्या कंपनाने बाहेर पडतात. जवळच्या वांग्याच्या शेतातून संकर सहज होतो. पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणे करतात) वांग्यात इतर वांग्यांपासून २०० मी. विलगीकरण अंतर विहित आहे. साठवलेल्या रानटी नमुन्यांचे बी पुन्हा वाढवतानाही निदान तेवढे राखावे, किंवा फुले उमलण्याआधी कापडी पिशवीने झाकून हाताने परागण करावे.