बेटावरच्या विहिरीला धोका नेमका कुठून?

लक्षद्वीपला नदी नाही, ओढा नाही, सगळी बेटं मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर, तरी तिथे घरोघरी विहिरी आहेत. हे जमतं कसं? पाऊस प्रवाळाच्या वाळूत मुरतो, खाली समुद्राचं पाणी असतंच, पण गोडं पाणी हलकं, त्यामुळे मिसळीच्या रश्शावर तर्री असते तसा त्याचा थर वर तरंगत राहतो.

हिशोब सोपा आहे, विहिरीचं पाणी समुद्रापेक्षा 1 फूट वर असेल तर खाली गोड्या पाण्याचा थर साधारण 40 फूट. पण हे कागदावर. प्रवाळ बेटावर भरती-ओहोटी रोज खालून ढवळत असते, म्हणून खरा थर बराच पातळ निघतो. त्यात मोटर लावून जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी थेट वर चढतं. म्हणून पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी देशाच्या तारावा बेटावर खोल बोअर न घेता जमिनीत उथळ आडवे भोकं पाडलेले पाईप टाकलेत, थोडं थोडं वरवरचं पाणी गोळा करायचं.

आता लोकांना वाटतं समुद्र वाढला की पाणी खालून खारट होणार. पण ते इतकं सरळ नाही, समुद्र हळूहळू वर आला तर वरचा थरही बऱ्यापैकी त्याच्यासोबत वर सरकतो, खरी अडचण किनारा खचून बेट अरुंद झालं की होते. आणि मोठ्या लाटा बेटावरून गेल्या की मीठ वरून ओतलं जातं! 2005 मध्ये पर्सी चक्रीवादळाने पॅसिफिकमधल्याच कुक बेटांतल्या पुकापुकावर हेच केलं, तिथलं भूजल पुन्हा पिण्यालायक व्हायला 11 महिने लागले. समुद्र जितका वर तितक्या अशा लाटा वारंवार, मग पावसाने मीठ धुऊन काढायला वेळच मिळत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित धोका संडासाचा आहे. प्लॉट छोटा, विहीर आणि शोषखड्डा जवळजवळ, पाणी काही फुटांवर, आणि अशी भरड वाळू जंतू फारसे अडवत नाही. म्हणजे पाणी चवीला गोड लागतं तरी पोट बिघडवतं. यावर उपाय तसे साधेच आहेत, गळती नसलेल्या टाक्या, मैला गोळा करायची सोय, छपरावरच्या पावसाची साठवण, पण त्याचं उद्घाटन करायला कोण येणार?

उद्घाटन होतं समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटचं. लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला 2005 पासून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने उभारलेला प्लांट आहे, कोमट समुद्राचं पाणी कमी दाबाखाली टाकीत सोडून त्याची वाफ करायची आणि साधारण 350 मीटर खोलीवरून ओढलेल्या थंडगार पाण्याने ती गार करून परत पाणी करायचं, रोज 1 लाख लिटर. भारी आहे, फिल्टरच्या जाळ्या बदलायची भानगड नाही. फक्त पंप चालवायला वीज लागते आणि बेटावर ती मुख्यतः डिझेलवर बनते, म्हणून याच तापमानफरकातून वीजही काढायचं काम संस्थेने तिथे हाती घेतलंय.