शरीरनिकट अवकाश

त्वचेला लागून असलेल्या आणि हात लांबवला की पोहोचता येईल अशा भोवतालच्या जागेला मेंदूविज्ञानात शरीरनिकट अवकाश किंवा ‘पेरिपर्सनल स्पेस’ म्हणतात. सभोवतालची जागा आपल्याला सलग आणि एकसंध भासत असली, तरी मेंदू या जवळच्या भागाची दखल दूरच्या भागापेक्षा वेगळ्या रीतीने घेतो, कारण येथील वस्तू पुढच्याच क्षणी हातात येऊ शकते किंवा अंगावर आदळू शकते. अनोळखी माणसाने फार जवळ येऊ नये असे वाटायला लावणारे सामाजिक अंतर ही याला लागून असलेली, पण वेगळी कल्पना आहे; दोन्हींची गल्लत पुष्कळदा होते.

या कल्पनेला भक्कम आधार मिळाला तो इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या व १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून. हालचालींची पूर्वतयारी करणाऱ्या प्रीमोटर बाह्यकात (बाह्यक म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) त्यांना अशा चेतापेशी आढळल्या, की ज्या गालाला किंवा हाताला स्पर्श झाल्यावर उद्दीपित होत आणि त्याच जागेजवळ एखादी वस्तू नुसती दिसली तरीही उद्दीपित होत. वस्तू दूर नेली की प्रतिसाद मंदावे. पुढे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागातील पार्श्विका खंडात एका खाचेच्या तळाशीही अशाच पेशी सापडल्या. काही पेशी तर जवळ झालेल्या आवाजालाही प्रतिसाद देतात.

या पेशींचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या मोजमापाच्या पद्धतीत आहे. डोळ्याच्या पडद्यावर वस्तूची प्रतिमा कोठे पडली यावर सामान्य दृक्‌पेशीचा प्रतिसाद ठरतो. नजर वळली की त्या पेशीचे दृश्यक्षेत्र, म्हणजे ज्या भागातील वस्तूला ती प्रतिसाद देते तो भागही, वळतो. मायकेल ग्रॅझियानो व चार्ल्स ग्रॉस यांनी १९९० च्या दशकात दाखवले, की हाताशी निगडित असलेल्या पुष्कळ पेशींचे दृश्यक्षेत्र मात्र हाताला बांधलेले असते: माकडाने नजर फिरवली तरी ते जागचे हलत नाही, पण हात उजवीकडे सरकवला की तेही उजवीकडे सरकते. चेहऱ्याशी निगडित पेशींची क्षेत्रे अशीच डोक्याबरोबर फिरतात. वस्तू दाखवून दिवा मालवला आणि वस्तू तेथेच राहिली, तर काही पेशी अंधारातही तिची दखल घेत राहतात. शरीराभोवती एकच अदृश्य कवच असते, असे वर्णन लोकप्रिय लेखनात वारंवार येते. ते सोयीचे असले तरी नेमके नाही. हात, चेहरा आणि धड यांच्याभोवती एकमेकांवर चढलेली निरनिराळी क्षेत्रे असतात, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

या क्षेत्राची हद्द ठाम नसते. जपानमधील अत्सुशी इरिकी व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांना छोट्या दाताळ्याने खाऊ ओढून घ्यायला शिकवले, तेव्हा दाताळे वापरल्यानंतर काही पेशींचे हाताभोवतीचे दृश्यक्षेत्र अवजाराच्या टोकापर्यंत लांबलेले आढळले. दाताळे काही न करता नुसते हातात धरले, तर तसे होत नसे. या निष्कर्षाचा अर्थ काय लावायचा याबद्दल वाद आहे, कारण टोकाकडे लक्ष वेधले जाण्यानेही बऱ्याच अंशी तसाच परिणाम दिसू शकतो. मराठीतला ‘आवाका’ हा शब्द येथे चपखल बसतो: माणसाचा आवाका त्याच्या हाताच्या लांबीवर जितका अवलंबून असतो, तितकाच हातात काय आहे यावरही.

माणसांमधील पुरावा मेंदूला इजा झालेल्या रुग्णांकडून मिळाला. मेंदूच्या उजव्या अर्धगोलाला इजा झाली, की काही जणांचे डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होऊ लागते. आडव्या रेषेचा मध्यबिंदू दाखवायला सांगितले तर ते खऱ्या मध्याच्या बरेच उजवीकडे बोट ठेवतात. हॅलिगन व मार्शल यांनी १९९१ मध्ये असा रुग्ण नोंदवला, ज्याचा हा दोष जवळच्या रेषांपुरताच होता. दूरच्या रेषेचा मध्य तो जवळपास बरोबर दाखवी. अशाच एका रुग्णाबाबत बेर्ती व फ्रासिनेत्ती यांनी २००० मध्ये आणखी विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रकाशकिरणाने दाखवताना दूरच्या रेषेचा मध्य जवळपास बरोबर येई, मात्र लांब काठीने दाखवायला सांगताच जवळचा दोष दूरही उमटे. रेषा तेवढीच आणि तेथेच होती. काठीने तिला ‘जवळ’ आणले होते.

या यंत्रणेची दोन कामे मानली जातात: वस्तू पकडणे आणि अंग वाचवणे. दुसऱ्या कामाचा पुरावा थेट आहे. प्रीमोटर बाह्यकाच्या संबंधित भागाला विद्युत् उद्दीपन दिले असता माकडे डोळे मिटतात, मान वळवतात आणि चेहऱ्यासमोर हात धरतात, जणू काही अंगावर येत आहे. माणसांत मनगटावरील चेतेला धक्का दिल्यावर डोळे मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया तोच हात चेहऱ्याजवळ असताना अधिक तीव्र होते. हात आणि चेहरा यांच्यामध्ये पातळ पडदा धरला की ही वाढ कमी होते. दोन्ही कामांसाठी एकच नकाशा वापरला जातो की वेगवेगळे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. हद्द ठरवताना निव्वळ अंतराऐवजी स्पर्शाची शक्यता आणि त्याचे परिणाम मोजावेत, असे मत अलीकडे मांडले जाते; त्या दृष्टीने पाहिल्यास सावकाश येणारा चेंडू आणि वेगाने येणारा चेंडू एकाच अंतरावर असूनही मेंदूच्या लेखी सारखे जवळ नसतात.