मोतीबिंदू, काचबिंदू आणि डिमेन्शिया: शंका आली कुठून?

म्हातारपणी नजर जाते, आठवणही जाते. दोन्ही वयाचेच भोग म्हटले की दोघांची सांगड घालायचं कारण उरत नाही. ते कारण १९८६मध्ये मिळालं. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरने (हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) गेलेल्या दहा जणांच्या, डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिनाड्या तपासल्या, तेव्हा आठ जणांच्या नाडीतले तंतू झिजलेले निघाले. खरं तर यात फार नवल नाही. डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूतूनच फुटून तयार होतो.

२००२मध्ये आणखी एक धागा सापडला. मॅक्युलर डीजनरेशन या म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजवणाऱ्या रोगात पडद्यामागे 'ड्रूझेन' नावाचे पिवळसर ठिपके साचतात. त्यांतही बीटा-अमायलॉइड हे प्रथिन आढळलं, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत साचतं तेच! दोन्ही रोगांचं मूळ एकच, असं म्हणायचा मोह तेव्हा झाला असणार. पण एपीओई जनुकाने घोळ घातला. त्याचा ई-४ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो, आणि मॅक्युलर डीजनरेशनचा मात्र कमी करतो.

पुढचे मोठे अभ्यासही एकमेकांशी पटवून घेत नाहीत. अमेरिकेतल्या सिएटलच्या २०१९च्या अभ्यासात काचबिंदूचा अल्झायमरशी संबंध दिसला, मोतीबिंदूचा नाही. २०२१मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्य-नोंदींच्या साठ्यातल्या १२,३६४ जणांच्या नोंदींत चित्र जवळपास उलटं: मोतीबिंदू असलेल्यांत डिमेन्शियाचा धोका ११ टक्के जास्त, मॅक्युलर डीजनरेशनमध्ये २६, मधुमेहाच्या नेत्ररोगात ६१, काचबिंदूचा अल्झायमरशी ठळक संबंध नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो सिएटलचाच डिसेंबर २०२१चा निष्कर्ष. ६५ वर्षांवरच्या ३,०३८ जणांपैकी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांत डिमेन्शियाचा धोका सुमारे ३० टक्के कमी होता. मुळात धडधाकट माणसंच ऑपरेशनला तयार होतात, ही शंका रास्तच. म्हणून काचबिंदूची ऑपरेशनंही ताडून पाहिली. त्यांत नजर परत येत नाही, आणि तिथे असा फरकही दिसला नाही. २०२४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने उपचार न झालेलं दृष्टिदोषाचं दुखणं डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत घातलं.

एक पेच मात्र उरतोच. डिमेन्शियाची शंका पडताळायला १९७५पासून वापरात असलेल्या एमएमएसई या स्मरण-आकलनाच्या चाचणीत लिहिलेली सूचना वाचायची असते, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढायचे असतात. ज्याला कागदच धड दिसत नाही, त्याचेही गुण तिथे कापले जातात.